दोन ते पाच

धाकटीला वृद्धनिवासात जागा मिळाली तर माझ्या पदरात काय काय पडणार होतं, ते मी आधी नीट मांडून पाहिलं. सलग सहा तासांची झोप. दार आतून लावून आंघोळ. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक अख्खं वर्तमानपत्र, मधेच कुणी त्याची होडी न करता. गॅसची कळ, न्हाणीघरातला नळ, कपाटाच्या किल्ल्या आणि रस्त्याकडचं दार यांच्यावरची पाळत संपणार होती. शिवाय "आई कुठे गेली?" या प्रश्नाला दिवसातून चाळीस वेळा उत्तर द्यायचं काम सुटणार होतं. चाळीस हा आकडा मी हवेत फेकत नाही. एका मंगळवारी कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारून मोजलेला आहे.

मी छत्तीस वर्षं एका गोदामात नोंदी ठेवल्या. आत किती आलं, बाहेर किती गेलं, शिल्लक किती. माणसांकडेसुद्धा मी तशीच बघते असं लोक म्हणतात. लोक बरोबर म्हणतात.

धाकटी माझी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी लहान, म्हणजे पासष्टची. विसरायचा आजार जडून तिला सहा वर्षं झाली होती. आमच्या दोघींचीही लग्नं झाली नाहीत. तिचं ठरून मोडलं, माझं मोडण्याइतपतही ठरलं नाही. त्यामुळे तिला माझ्याशिवाय कुणी नाही, आणि मला तिच्याशिवाय काही नाही, अशी आमची गाठ होती. पहिली दोन वर्षं मी ती मायेने सांभाळली. पुढची दोन सवयीने. त्यापुढची कशी, ते लिहायला हा कागद पुरणार नाही.

वृद्धनिवास आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. लांबलचक बोळ, भिंतीला धरून चालायला लाकडी दांडा, फिनेल आणि उकडलेल्या भाजीचा एकत्र वास. व्यवस्थापिकांनी मला खुर्ची दिली आणि वही उघडली.

"यादीत त्रेचाळीस नावं आहेत. तुमचं चव्वेचाळिसावं."

"म्हणजे साधारण किती दिवस?"

"दिवस कसे सांगू? इथली जागा कशी रिकामी होते ते तुम्हाला माहीतच आहे." मग त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मात्र आमच्या कामाला जे हात लावतात त्यांना आम्ही घरचं समजतो. घरच्यांचा विचार आधी होतो. क्रोशा येतो तुम्हाला?"

क्रोशा मला वयाच्या दहाव्या वर्षापासून येतो. तिथे रोज दुपारी दोन ते पाच, शनिवार-रविवार सोडून, मागच्या हॉलमध्ये बायकांचं विणकाम चालायचं. दान आलेल्या लोकरीचे चौकोन करायचे, आठ गुणिले सहा असे अठ्ठेचाळीस चौकोन जोडले की गुडघ्यांवर घ्यायचं एक पांघरूण. ते निवासातल्या म्हाताऱ्यांना द्यायचं.

"बारा पांघरुणं झाली की आपण बोलू," व्यवस्थापिका म्हणाल्या. बोलण्यात धर्मादाय होता, सुरात सौदा.

बारा पांघरुणं म्हणजे पाचशे शहात्तर चौकोन. मला एका चौकोनाला एक तास लागतो. दुपारी तीन तास, म्हणजे तीन चौकोन. एकशे ब्याण्णव दुपारी. जवळजवळ नऊ महिने. मी हो म्हटलं.

राहिला प्रश्न धाकटीचा. तिला बरोबर नेता येत नव्हतं. एकटी ठेवली तर ती रस्त्यावर जायची. मग मी एक केलं. दोनला दहा कमी असताना तिला खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसवायचं आणि सांगायचं, "हा उन्हाचा पट्टा बघ. आत्ता खुर्चीच्या पायाशी आहे. तो समोरच्या भिंतीवर चढला की मी येते." दोन ते पाच तो पट्टा फरशीवरून बरोबर तेवढाच सरकायचा. आणि बाहेर पडून दाराला बाहेरची लोखंडी कडी लावायची.

पहिल्या दिवशी मी दारापाशी कान देऊन उभी राहिले. आतून काहीच आवाज आला नाही. मला बरं वाटलं.

*

हॉलमध्ये आम्ही सात-आठ जणी. माझ्या शेजारी एक टेलरबाई बसायच्या. चाळीस वर्षं दुसऱ्यांची ब्लाउजं शिवलेली बाई. समोर येणाऱ्याचा चेहरा नंतर बघायची, खांद्याचं माप आधी. सगळ्यांच्या पिशव्या रात्री हॉलच्या कपाटात राहायच्या आणि कपाटाची किल्ली टेलरबाईंच्या कमरेला. घरी लोकर नेणं मलाही परवडणारं नव्हतं. धाकटीला क्रोशाची सुई चावत बसलेली मी एकदा पाहिली होती. तेव्हापासून घरात सुई नाही, दोऱ्याचा तुकडासुद्धा नाही.

पहिल्या दिवशी मी तीन चौकोन केले. पाच वाजता पिशवीत ठेवताना मोजले तर सहा होते.

कुणाचे तरी चुकून माझ्यात आले असतील, असं धरून मी सगळ्यांना विचारलं. प्रत्येकीचे प्रत्येकीकडे होते. दुसऱ्या दिवशी तीन केले, पुन्हा सहा भरले. तिसऱ्या दिवशीही तेच. शुक्रवारी शिल्लक तीस. करणारी मी पंधराची.

दुसऱ्या आठवड्यात पहिलं पांघरूण जोडायला घेतलं. टेलरबाईंनी चौकोन टेबलावर मांडले, वाकून बघितलं आणि खुदकन हसल्या.

"अहो, तुम्ही दोन्ही हातांनी विणता की काय?"

"का बरं?"

"हे बघा ना. निम्मे उजव्या हाताचे, निम्मे डावखुऱ्याचे. फेरी उलटी गेलीये. खांबाच्या टाक्यांची डोकी सगळी पलीकडे कललेली."

"उलटे ठेवले असतील तुम्ही."

"मला सुलट-उलट शिकवताय?" त्यांनी चौकोन माझ्या हातात ठेवला. "आणि हे काय? इथे तुमची चूक. तिसऱ्या कोपऱ्यात दोनच साखळ्या. तीन हव्यात ना?"

तिसऱ्या कोपऱ्यात मी नेहमीच दोन साखळ्या घालते. लहानपणी हात तसा बसला तो बसलाच; साठ वर्षांत सुटला नाही. पण टेलरबाईंनी माझ्या हातात दिलेला चौकोन माझा नव्हता. आरशात बघावं तशी माझीच चूक त्यात उलट्या बाजूला होती.

डावखुऱ्याला क्रोशा शिकवायचा तर शेजारी बसवून चालत नाही, समोर बसवावं लागतं. शिकणाऱ्याने आरशात बघितल्यासारखं करायचं. मी आयुष्यात एकाच माणसाला असं समोर बसवून शिकवलं आहे. ती तेव्हा सात वर्षांची होती. माझं सगळं तिने जसंच्या तसं उचललं, चुकीसकट.

"माझेच आहेत," मी टेलरबाईंना म्हटलं. "हात दुखला की बदलते."

इथपर्यंत मी स्वतःला घाबरट म्हणवून घ्यायला तयार नाही. मी गोदामातली बाई. तिथे माल आत न येता बाहेर जात नाही. मी घरून स्वयंपाकघरातला छोटा काटा नेला आणि माझा लोकरीचा गुंडा दोन वाजता तोलला, पाच वाजता तोलला. तीन चौकोनांची लोकर कमी झाली होती. तीनचीच. वरच्या तीन चौकोनांची लोकर कुठूनच गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी ऐन वेळी मी रंग बदलला, निळा ठेवून राखाडी घेतला. पाच वाजता सहाही चौकोन राखाडी. पिशवी मी मांडीवरून हलवली नव्हती.

त्या शनिवारी मी घरी होते. दोन वाजता धाकटी आपणहून वेताच्या खुर्चीत जाऊन बसली. उन्हाकडे एकदा पाहिलं. मग डावा हात उचलला आणि सुई धरल्यासारखी बोटं जुळवून रिकाम्या हवेत विणायला लागली. असं ती कधीकधी करायची. आजारात हात जुनी कामं करत राहतात, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मी कधी लक्ष दिलं नव्हतं. आता समोर स्टूल ओढून बसले. खांब, खांब, खांब. कोपऱ्यात तीन साखळ्या. पुन्हा खांब. दुसरा कोपरा, तीन साखळ्या. तिसऱ्या कोपऱ्यात तिचं बोट दोनदाच हललं.

"तिथे तीन," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने मान वर केली. सहा वर्षांत तिने माझ्याकडे इतकं सरळ पाहिलं नव्हतं. "तूच शिकवलंस, ताई."

मग बोटं पुन्हा चालू झाली. थोड्या वेळाने, मान वर न करता, तिने विचारलं, "किती झाले?"

"कसले?"

"किती राहिले?"

मी उठून चहा ठेवला.

*

आता जे सांगायचं ते सांगणं भाग आहे, कारण नोंद अर्धी ठेवायची मला सवय नाही.

चौकोन कुठून येतात ते मला कळलं होतं. कसे येतात ते कळलं नव्हतं, पण गोदामात माल कसा पिकला हे मी कधी विचारलं नाही. आला की चढवला. मी हिशेब केला. एकटीने एकशे ब्याण्णव दुपारी. असे रोजचे तीन फुकट मिळत राहिले तर शहाण्णव. नऊ महिन्यांचे साडेचार. मी सगळे चौकोन माझ्या नावावर लावले. व्यवस्थापिका माझं कौतुक करायच्या, "काय हात चालतो हो तुमचा!" मी मान खाली घालून हसायचे. विनय म्हणून खपून जायचं.

चौथ्या महिन्यात धाकटीला ताप आला. दोन दिवस ती पलंगावर झोपून होती. मी औषध दिलं, कडी लावली आणि गेले. त्या दोन्ही दिवशी पिशवीत तीन-तीनच चौकोन. तिसऱ्या दिवशी ताप उतरत आला होता, पण तिला झोप अनावर होती. दोनला दहा कमी होते. मी तिला उठवलं. तोंड पुसलं. खुर्चीत नीट बसवलं, पाठीशी उशी दिली आणि तिचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. कामावर बसवतात तसे.

"पट्टा बघ," म्हटलं, आणि कडी लावली.

त्या दिवशी सहा भरले.

सत्त्याण्णवाव्या दुपारी बारावं पांघरूण पुरं झालं. चौकोन पाचशे शहात्तर. त्यातले माझे दोनशे एक्याण्णव, तिचे दोनशे पंच्याऐंशी. यादीतल्या चव्वेचाळिसाव्या नावाला आठ दिवसांत जागा झाली. कुणाची रिकामी झाली ते मी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी तिला घेऊन गेले. बोळाच्या टोकाची खोली. पलंग, कपाट, खुर्ची. व्यवस्थापिकांनी तिच्या गुडघ्यांवर पांघरूण पसरलं. बारांतलंच एक, राखाडी-निळं. "तुमच्या ताईंनी स्वतःच्या हातांनी विणलंय बरं का," त्या मोठ्याने म्हणाल्या, म्हाताऱ्यांशी बोलतात तशा.

धाकटीने पांघरुणावरून डावा हात फिरवला. एका चौकोनावर थांबली. पहिला कोपरा, दुसरा कोपरा. तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि ठेवूनच राहिली.

मी निघाले तेव्हा तिने विचारलं, "पट्टा भिंतीवर चढला की येशील?"

"हो."

तिची खिडकी मागच्या बाजूला होती. त्या खोलीत ऊन येत नव्हतं. मी ते बोलले नाही.

*

शनिवारची रात्र मी सलग नऊ तास झोपले. रविवारी दार आतून लावून आंघोळ केली. पाणी गार होईपर्यंत नुसती बसून होते. सोमवारी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून घेतलं. चौथ्या पानावर होते तेव्हा दोन वाजले आणि बाहेरून कडी लागली.

ती कडी मी सत्त्याण्णव वेळा बाहेरून लावली होती. आतून तिचा आवाज कसा येतो ते मला माहीत नव्हतं. आधी लोखंडावर लोखंड घासतं. मग एक ठोका. तो ठोका दारात कमी आणि आपल्या छातीत जास्त वाजतो.

मी उठून दार ओढलं. हललं नाही. हाका मारल्या. समोरची शेजारीण बाहेर आली.

"काय झालं, मावशी?"

"अगं, कुणीतरी कडी लावली बघ बाहेरून."

"कडी?" तिचा आवाज दाराच्या अगदी जवळ आला. "कडी उघडीच आहे की. लोंबतेय." तिने दार ढकललं. मी आतून ओढलं. तिने खांदा लावला. दार भिंतीसारखं. "फुगलं असेल हो. सुताराला बोलवा."

खिडक्यांना गज आहेत. धाकटीसाठी मीच बसवून घेतले होते. मी वेताच्या खुर्चीत बसले, कारण त्या खोलीत खिडकीजवळ तेवढी एकच खुर्ची आहे. उन्हाचा पट्टा खुर्चीच्या पायाशी होता. तीन तास किती लांब असतात हे पट्ट्याकडे बघत बसल्याशिवाय कळत नाही. पाचला तो समोरच्या भिंतीवर चढला. बाहेर लोखंड घासलं. दार हाताच्या एका बोटाने उघडलं.

मंगळवारी सकाळी सुतार आला. त्याने दार दहा वेळा उघडलं, दहा वेळा लावलं, माझ्या समाधानासाठी खालून थोडा रंधा मारला. "दाराला काही नाही, आजी," म्हणाला, आणि दाराला नाही तर कशाला, हे त्याच्या चेहऱ्यावर होतंच. दोन वाजता कडी लागली.

बुधवारी मी दीड वाजताच बाहेर पडले आणि चार रस्ते ओलांडून बागेत जाऊन बसले. दोन वाजता तो आवाज आला, छातीतला. मी पाच वाजेपर्यंत त्या बाकावरून उठले नाही. पाय धड होते, कुणी धरलं नव्हतं. एक बाई कुत्र्याला फिरवत तीनदा समोरून गेली, तिसऱ्यांदा तिने विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" बाकाला दार नसतं हे मला ठाऊक आहे. तरी सांगते, ते लागलेलं होतं. त्यानंतर मी घरीच राहायचं ठरवलं. घरी निदान न्हाणीघर जवळ.

शनिवारी कडी लागली नाही. रविवारीही नाही. पुन्हा सोमवारपासून. धाकटीलाही मी शनिवार-रविवार कधी कोंडलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात टेलरबाईंचा फोन आला. त्या अजून तिथे विणायला जात होत्या, आणि मी बारा होताच येणं बंद केलं याचं त्यांना नवल नव्हतं. "तुमची बहीण आता आमचं घड्याळ झालीये," त्या हसत म्हणाल्या. "रोज बरोबर दोन वाजता डावा हात वर करते आणि असं सर्रकन ओढते. दाराची कडी लावावी तसं. मग शांत बसून राहते. पाच वाजले की परत हात वर, कडी काढल्यासारखं. भिंतीवर घड्याळ नाही हो तिच्या खोलीत! शनिवार-रविवार मात्र सुट्टी घेते. गंमतच आहे."

"विणते का? हवेत?"

"नाही बाई. ते काही करताना नाही पाहिलं कधी."

दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी तिच्या खोलीत होते. नातेवाइकांची वेळ सकाळची, पण बारा पांघरुणांचं वजन अजून शिल्लक होतं. मी तिच्या पलंगावर बसले आणि तिचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तो गार होता, हलका होता. तिने सोडवून घ्यायचा काही प्रयत्न केला नाही.

दोन वाजले. तिने उजवा हात वर केला आणि कडी लावली.

तिला उजव्या हाताने काही करताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

"धाकटे," मी म्हटलं, "चुकलं माझं. पुरे आता."

ती खिडकीकडे बघत होती. तिथे बघायला मागची भिंत होती, ओली, सावलीतली.

"किती झाले?" तिने विचारलं.

"नऊ," मी म्हटलं. मी मोजत होते, हे ओघाने आलंच.

"मग राहिले किती?"

ते मी घरी येऊन काढलं. खरं तर तिथेच काढलं, पण पाचपर्यंत त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर मला पाऊल टाकता आलं नाही, म्हणून घरी येऊन लिहिलं. सत्त्याण्णव वजा नऊ, अठ्ठ्याऐंशी.

एकदा आकडा लिहिला की माणसाला धीर येतो. एवढं आहे, एवढं फेडायचं, मग संपलं. मी वहीत रोज एक रेघ मारायला लागले. दुपारी खुर्चीत बसायचं, पट्टा बघायचा. लोकर आणून चौकोन करायला घेतले; तिसऱ्या कोपऱ्यात आठवणीने तीन साखळ्या घालायचे आणि पुढच्या चौकोनात हात आपोआप दोनवर यायचा. सकाळी धाकटीला भेटून यायचे. ती मला ओळखायची नाही. मी तिचे केस विंचरायचे. खरं सांगायचं तर त्या सकाळी बऱ्या गेल्या. सहा वर्षांत मी तिचे केस घाई न करता विंचरले नव्हते.

असं करता करता बारावा आठवडा लागला. रेघा अठ्ठावन्न झाल्या. राहिल्या एकोणचाळीस. आठ आठवड्यांना एक दिवस कमी, त्याची वाट मी बघत नव्हते असं नाही.

आज दोन वाजता कडी लागली. एकोणसाठावी.

सव्वातीनला फोन वाजला. टेलरबाई.

"बसलाय ना? बसा आधी. तुमची बहीण गेली हो. आत्ता चहा द्यायला गेले, तर खुर्चीतच. मान कललेली. पांघरूण होतं गुडघ्यांवर. काही त्रास झाला नाही, डॉक्टर म्हणाले. पावणेतीनच्या सुमाराला असेल."

मी पट्ट्याकडे पाहिलं.

"दोन वाजता हात वर केला होता का तिने?"

"केला की. मी बघितला ना. नेहमीसारखा."

"आणि मग?"

"मग कसलं काय?" त्यांना रडू येत होतं. "तुम्ही लगेच निघा. सही लागेल तुमची. व्यवस्थापिका विचारतायत, दुसरं कुणी आहे का."

"नाही," मी म्हटलं. "पाचनंतर निघते."

पाच वाजले.

शेजारीण आली. तिने खांदा लावला, तिच्या नवऱ्याने लावला. "कडी उघडीच आहे, मावशी," तो म्हणाला. "उद्या सकाळी सुताराला घेऊन येतो. घाबरू नका." मी घाबरले नाही म्हटलं. त्यांचे पाय जिन्यावर वाजत गेले.

सहा वाजले.

टेलरबाईंचा फोन दोनदा वाजून थांबला. उचलून काय सांगू? मी वही घेतली आणि हे सगळं पहिल्यापासून लिहून काढलं. नोंद पुरी असावी.

आता रस्त्यावरचे दिवे लागले आहेत. समोरच्या घराच्या खिडक्या पिवळ्या झाल्यात. कुणीतरी पडदे ओढून घेतले. बाहेर अंधार आहे, गजांतून नीट दिसतो.

उन्हाचा पट्टा खुर्चीच्या पायाशी आहे.

मी हात घालून पाहिला. कोमट आहे.

सत्त्याण्णव दुपारी धाकटीने भरल्या. अठ्ठावन्न मी. एकोणसाठावी चालू आहे.